प्राग की व्हिएन्ना: एकच शहर निवडायचं असेल तर

मध्य युरोपचा बेत आखणाऱ्या मंडळींचा गाडा हमखास एका ठिकाणी अडतो. पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड आधी झालेलं असतं किंवा गर्दीमुळे मुद्दाम टाळलेलं असतं, हाताशी चार-पाच मोकळे दिवस असतात आणि प्राग की व्हिएन्ना हे काही केल्या ठरत नाही. ‘दोन्ही करा की, गाडीने चार तासांचं तर अंतर!’ असं सांगणारे भेटतात. त्यांचंही खरं आहे. रेलजेट ही आगगाडी ब्रनोवरून साधारण तेवढ्याच वेळात पोहोचवते, आणि चेक रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये जेवण चांगलं मिळतं. पण चार दिवसांत दोन शहरं म्हणजे त्यातला एक दिवस बॅगा भरण्यात, खोली सोडण्यात आणि नव्या हॉटेलच्या सोफ्यावर तीन वाजेपर्यंत चावीची वाट बघण्यात जातो. बरोबर वयस्कर माणूस असेल तर तो दिवस आणखी लांबतो. म्हणून मी हे ‘एकच निवडायचं आहे’ असं धरून लिहितोय.

व्हिसा दोन्हीकडे शेंगेनच, विमानाचे दर रोज बदलणारे, ट्राम-मेट्रोचे पास दोन्हीकडे सोपे. ते सगळं तुम्ही माझ्याआधीच शोधून ठेवलं असेल. मी सांगतो ते फक्त स्वतः राहून, घरची माणसं बरोबर घेऊन हिंडताना जे जाणवलं ते. दोन्हीकडे आई आमच्याबरोबर होती. सत्तरी उलटलेली, चालायला हौशी, पण तासाभराने टेकायला जागा शोधणारी. माझं मत बरंचसं तिच्या चालीने बनलंय. तुम्ही पंचविशीत असाल, पाठीवर एक सॅक घेऊन निघणार असाल, तर माझे काही मुद्दे तुम्हाला लागूच होणार नाहीत.

दिसण्याच्या बाबतीत प्राग उजवं, यात मला तरी शंका नाही. चार्ल्स पुलाची पायाभरणी 1357ची, सम्राट चौथ्या कार्लच्या काळातली. दोन्ही टोकांना गॉथिक मनोरे, कठड्यांवर तीस पुतळे, खाली व्लटावा नदी आणि वर टेकडीवर किल्ला. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला या पुलावर गेलात तर झाडूवाले, एखादा फोटोवाला आणि लग्नाच्या पोशाखातलं एखादं परदेशी जोडपं, एवढेच भेटतात. तो अर्धा तास म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटणं म्हणतात ते. वर सेंट व्हिटस कॅथेड्रल. त्याचं काम 1344मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं 1929मध्ये. सरकारी पुलांच्या कामावर कुरकुर करणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही दोन सालं एकदा शेजारी शेजारी लिहून बघावीत. दुसऱ्या महायुद्धात शहराची मोठी पडझड झाली नाही, त्यामुळे गॉथिक, बरोक आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वेलबुट्टीची घरं एकाच गल्लीत खेटून उभी दिसतात. नकाशा न बघता कुठल्याही बोळात शिरलं तरी काहीतरी हाती लागतंच.

त्यामानाने व्हिएन्ना पहिल्या दिवशी अंगावर येतं. सगळंच प्रशस्त. 1857मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफने जुना तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा गोल रस्ता आखला गेला. त्यावर संसद ग्रीक देवळासारखी, महापालिका गॉथिक धाटणीची, ऑपेरा इटालियन रेनेसाँच्या वळणाचा. एकोणिसाव्या शतकात बसून जुन्या शैलींची ऑर्डर दिल्यासारखं वाटतं. सुंदर आहे, पण थोडं कोरडं. आमच्या हिचं पहिल्या संध्याकाळचं मत होतं, ‘सगळीच मंत्रालयं दिसताहेत.’ फोटोंसाठी जायचं असेल तर इथेच थांबा आणि प्रागचं बुकिंग करा, खरंच.

फक्त प्रागच्या या सौंदर्याची जागा लहान आहे. जुना चौक, पूल, किल्ला या पट्ट्यात सगळे प्रवासी एकाच वेळी असतात. 1410पासूनच्या खगोलीय घड्याळासमोर दर तासाला शेकडो हात मोबाइल घेऊन वर जातात. सांगाडा दोरी ओढतो, दोन खिडक्यांमधून बारा प्रेषित फिरून जातात, कोंबडा आरवतो, संपलं. ते घड्याळ खरं तर बारकाईने बघण्याची वस्तू आहे. सूर्य कुठल्या राशीत, चंद्राची कला कोणती, जुन्या बोहेमियन पद्धतीने सूर्यास्तापासून किती तास झाले, हे सगळं ते दाखवतं. आपल्याकडे पंचांग चाळायची सवय असलेल्या माणसाला ते वाचायला मजा येते. पण तासाला पाच मिनिटं कमी असताना तिथे उभं राहून काही वाचता येत नाही. अर्ध्या तासाच्या सुमाराला जा.

गर्दीचा कंटाळा आला की प्रागचे लोक स्वतः जिथे जातात तिथे जायचं. लेटनाच्या टेकडीवर, किंवा रीग्रोवी सादी या बागेत उतारावर बसून किल्ल्यामागचा सूर्यास्त बघायला, शनिवारी सकाळी नाप्लाव्का घाटावरच्या शेतकरी बाजारात. लेटनालाच राष्ट्रीय तंत्रज्ञान संग्रहालय आहे. वाहनांच्या दालनात छताला विमानं टांगलेली, खाली आगगाडीची इंजिनं आणि मोटारसायकली. ज्यांच्या घरी कधीकाळी येझदी होती त्यांनी हे चुकवू नये. म्हैसूरला जी जावा बनायची, तिचं मूळ घराणं 1929मध्ये प्रागमध्येच सुरू झालं. मी तिथे ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ काढला. घरच्यांचं काय मत झालं ते इथे लिहीत नाही.

व्हिएन्नाकडे वळतो. इथली मजा आतली आहे, दारं उघडून बघायची. कुन्स्टहिस्टोरिशेस या कलासंग्रहालयात ब्रूगेलची जितकी चित्रं एकत्र आहेत तितकी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. बाबेलचा मनोरा तिथला, 1565चं बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं चित्रही तिथलंच. माझ्यासारख्या चित्रकलेत ढ असलेल्या माणसालाही त्या शिकाऱ्यांच्या दमलेल्या कुत्र्यांसमोरून हलवेना. आणि दालनाच्या मधोमध चक्क गुबगुबीत सोफे आहेत. आई सोफ्यावर, आम्ही चित्रासमोर, कुणाला कुणाची घाई नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आईच उठून एका गावजेवणाच्या चित्रापाशी गेली आणि वाढप्यांनी दाराच्या फळीवर ताटल्या मांडून आणल्यात हे तिने आम्हाला दाखवलं. आम्ही दोघंही ते न बघता पुढे सरकलो होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑपेरा. 1869चं हे नाट्यगृह 1945च्या मार्चमध्ये बॉम्बने जळालं आणि 1955च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडलं. चांगल्या खुर्चीचं तिकीट खिशाला परवडण्यातलं नाही, पण उभं राहून बघायची तिकिटं त्यामानाने बरीच स्वस्त मिळतात. आम्ही गेलो तेव्हाची रीत अशी, रांगेत लागायचं, आत पळत जायचं आणि आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधून ती अडवायची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर गाण्याचे शब्द इंग्रजीत येतात. मध्यंतरापर्यंत पाय बोलायला लागतात, तेव्हा निघून गेलात तरी कुणी काही म्हणत नाही. आईला हे जमण्यासारखं नव्हतं, ती त्या संध्याकाळी हॉटेलवर राहिली. तिच्यासाठी दुसऱ्या दिवशी श्योनब्रुन. राजवाड्यात चौदाशेवर खोल्या आहेत, त्यातल्या तिकिटावर दिसतात त्या मोजक्या, आणि झुंबरं दहाव्या खोलीनंतर सारखीच वाटायला लागतात. मागची बाग मात्र फुकट आहे, आणि राजवाड्याहून मला तीच जास्त आवडली.

थोडं स्मशानांबद्दल. हा माझा छंद आहे, घरात त्यावरून टोमणे असतात. व्हिएन्नाच्या झेंट्रालफ्रिडहोफला 71 नंबरची ट्राम जाते. बीथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स आणि स्ट्राउस मंडळी एकाच भागात शेजारी शेजारी. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक. प्रागमध्ये विशेह्राडच्या टेकडीवरचं स्मशान लहान, पण द्वोर्झाक आणि स्मेटाना हे चेक संगीतकार दोघेही तिथे, शिवाय भिंतीपलीकडे नदीचं दृश्य. इथे माझं मत प्रागला. विशेह्राडला गर्दी कमी असते, आणि किल्ल्यावर लागते तशी पायाची परीक्षाही नसते.

पायाचा विषय निघालाच आहे तर प्रागचे रस्ते. पदपथांवर छोट्या चौकोनी दगडांची नक्षी आहे. दिसायला देखणी, पण चाकांच्या बॅगेला आणि दुखऱ्या गुडघ्यांना शत्रू. मेट्रो खोल आहे. नामेस्ती मीरू स्टेशन जमिनीखाली 53 मीटरवर, आणि तिथला सरकता जिना संपता संपत नाही. शिवाय तो आपल्या मॉलमधल्या जिन्यापेक्षा बराच वेगाने पळतो. आईने पहिल्यांदा पाऊल टाकताना माझा दंड असा धरला की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. पुढे आम्ही तिच्याबरोबर ट्रामनेच फिरलो, आणि ते बरंच झालं. किल्ल्याकडे चढणारी 22 नंबरची ट्राम म्हणजे तिकिटाच्या पैशात शहरदर्शन. व्हिएन्नात चालणं सपाट, बाकं जागोजागी, म्युझियम्सक्वार्टियर या संग्रहालयांच्या संकुलाच्या अंगणात तर रंगीत अवजड आसनं टाकलेली असतात, त्यावर कुणीही लवंडावं.

खर्चात प्राग स्वस्त. राहणं, जेवण, बिअर, सगळंच. युरोऐवजी कोरुना वापरावी लागते आणि जुन्या शहरातल्या काही पैसे बदलून देणाऱ्या दुकानांचे दर बघून घाम फुटतो. पण 2019पासून कायद्याने असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, आणि कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तेव्हा ही अडचण आता पूर्वीइतकी नाही. व्हिएन्नात कॅफेतली कॉफीच पाच-सहा युरोंच्या घरात जाते. रुपयांत गुणाकार करायची सवय मोडत नाही तोवर प्रत्येक कप कडू लागतो. शाकाहाराच्या बाबतीत दोन्हीकडे चीज आणि बटाटा हेच तारणहार. प्रागला चीजचा जाड तुकडा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळतात तो, व्हिएन्नाला चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे पिठाचे उकडलेले मऊ तुकडे. अंडं चालत असेल तर (ते या दोन्हींतही असतं) कायझरश्मार्न जरूर खा, तव्यावरच फाडलेला जाड गोड पोळा आणि बरोबर शिजवलेले आलुबुखार.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग प्रागच की! दिसायला सरस, खिशाला हलकं. आम्हीही तिथून निघताना खूश होतो, पण एका गोष्टीने सतत टोचलं होतं. ती इतकी क्षुल्लक आहे की लिहिताना संकोच वाटतो. पाणी.

जूनचं ऊन, किल्ला उतरून माला स्त्रानाच्या गल्लीतल्या एका पबमध्ये बसलो होतो. आईची रक्तदाबाची दुपारची गोळी राहिली होती. मी पाणी मागितलं, वेटरने काहीतरी विचारलं, मी ‘हो हो, साधं’ म्हटलं. आली ती काचेची इवलीशी बाटली, औषधाची म्हणून खपेल अशी. आईने घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला. ‘अरे, हा सोडा आहे. गोळी सोड्याबरोबर घेऊ का?’ मग दुसरी बाटली. पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगतो, बुडबुड्यांचं नको असेल तर ‘नेपेर्लिवा’ म्हणायचं. तिथल्या पबमध्ये टेबलावर एक कागदाची चिठ्ठी ठेवतात आणि प्रत्येक बिअरमागे वेटर त्यावर पेनाने एक रेघ ओढतो. फार गोड पद्धत आहे. ग्लास रिकामा झाला की न विचारता नवा येतो, रेघ वाढते, आणि पुरे झालं की ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. आमच्या चिठ्ठीवर रेघा मोजक्याच होत्या आणि खाली बाटल्यांची यादी लांबत गेली होती. बिल बघितलं तर मिलिलिटरच्या हिशेबाने पाणी बिअरपेक्षा सरळसरळ महाग.

संध्याकाळी दुसरीकडे म्हटलं, नळाचं द्या. नाही देत म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी दिलं, पण जगमध्ये लिंबाची चकती आणि पुदिन्याची दोन पानं टाकून. चकती पडली की नळाचं पाणी बिलावर चढतं, हे तेव्हा कळलं. स्वतःची बाटली टेबलाखालून काढली तर वेटर लांबूनच बोट हलवतो. सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. वस्त्यांमधल्या साध्या खानावळींत चांगला अनुभव येत असेल, आम्ही बहुतेक वेळा जेवायच्या वेळी मध्यवस्तीतच सापडायचो. आणि त्यांचंही चूक कसं म्हणणार? माणशी बिअर पिण्यात चेक लोक जगात अव्वल, तिथे पाण्याला कोण विचारतो! काही वर्षांपूर्वी तर तिथल्या एका आरोग्यमंत्र्यांनीच प्रस्ताव मांडला होता की प्रत्येक उपाहारगृहात निदान एक तरी बिनदारूचं पेय बिअरपेक्षा स्वस्त असावं. म्हणजे कुरकुर करणारा मी पहिला नाही.

पैशांचं म्हणाल तर दिवसाकाठी फार काही नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आई पाणी कमी पितेय. ग्लास पुढे केला की ‘नको, हॉटेलवर गेल्यावर पिईन’ म्हणायची. दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘त्या बिल बघतात.’ ज्या बाईने आयुष्यभर दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही आधी पाणी विचारलं, ती परदेशात मुलाच्या खिशाकडे बघून तहान मारत होती. गंमत अशी की हॉटेलच्या नळाचं पाणी उत्तम होतं. आम्ही रोज सकाळी त्याच्या बाटल्या भरून निघायचो, आणि जेवायला बसलो की त्या पिशवीत लपवायचो.

आता व्हिएन्नातल्या कॅफेचं टेबल बघा. संगमरवरी छोटं टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. काळ्या कोटातला वेटर येतो, चेहऱ्यावर आपण त्याची उधारी बुडवल्याचा भाव. मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, सांगितली की लांबट चकचकीत ट्रे येतो. त्यात कप, साखर, आणि काठोकाठ पाण्याचा ग्लास, ग्लासवर चमचा आडवा ठेवलेला. पाणी मागावं लागत नाही, बिलावर येत नाही. आम्ही गप्पा मारत बसलो, कॉफी संपून गेली होती, तर त्याच आंबट चेहऱ्याच्या वेटरने रिकामे ग्लास उचलून भरलेले आणून ठेवले. आईने त्या दुसऱ्या ग्लासाबरोबर गोळी घेतली आणि मला म्हणाली, ‘हा माणूस रागीट नाही रे, त्याचं तोंडच तसं आहे.’ पुढे दीड तास आम्ही तिथे होतो. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं होती, एकही अक्षर कळत नव्हतं, तरी चाळली. उठा असं कुणी सुचवलंही नाही. कॉफीचे ते सहा युरो मला तेव्हा पहिल्यांदा वाजवी वाटले, कारण त्यात बसायची जागा, स्वच्छतागृह आणि पाणी तिन्ही आलं होतं.

बाहेरही तेच. चौकात, बागेत, बाजाराच्या कडेला पिण्याच्या पाण्याचे नळ. ‘ट्रिंकवासर’ लिहिलेलं असेल तिथे बिनधास्त बाटली लावायची, ‘काइन ट्रिंकवासर’ असेल तर नाही. पाणी जूनमध्येही गार लागतं, कारण ते आल्प्सच्या झऱ्यांचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर विहिरींचं आणि डॅन्यूबचं गढूळ पाणी पीत होतं, कॉलरा आणि विषमज्वर पाचवीला पुजलेले. मग विद्यापीठातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एडुआर्ड झ्यूस नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांनी हट्टाने डोंगरातून थेट पाणी आणायची योजना पुढे रेटली. 1873मध्ये पहिली जलवाहिनी सुरू झाली. पंप नाहीत, नुसत्या उतारावरून पाणी शहरात येतं. 1910मध्ये स्टिरियाच्या डोंगरातून दुसरी आली. श्वार्झनबेर्गप्लाट्झचं उंच उडणारं कारंजं पहिल्या जलवाहिनीच्या उद्‌घाटनाचं. दीडशे वर्षांनंतरही शहर त्याच पाण्यावर जगतंय.

हेच झ्यूस म्हणजे ‘गोंडवानालँड’ हे नाव रूढ करणारे गृहस्थ. दक्षिणेतले भूखंड एकेकाळी जोडलेले होते असं त्यांनी मांडलं आणि त्या प्राचीन खंडाला नाव दिलं ते आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून. बल्लारपूरचा कोळसा ज्या थरांत सापडतो ते गोंडवाना खडकच. मी हे त्या कारंज्यासमोर घरच्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, म्हणजे चंद्रपूरवाल्यांना इथे पाणी फुकट का?’ सगळ्यांनाच फुकट आहे, बाबा.

व्हिएन्नाची बाजू मी जरा जास्तच घेतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल, तेव्हा तिथलं खटकणारंही सांगतो. जेवणाच्या हॉटेलांत नळाच्या पाण्याला थोडे पैसे लावणारे तिथेही आहेत, आमच्याही एका बिलावर ते आलं. कॅफेचा नियम सगळीकडे लागू नाही. श्टेफान्सडोम या कॅथेड्रलच्या आसपास मोझार्टसारखा टोप आणि लाल कोट घातलेली मुलं मैफलींची तिकिटं गळ्यात मारायला बघतात. ती मैफल म्हणजे ऑपेरा नव्हे, हे लक्षात ठेवा. लोक तुटक बोलतात. रात्री नऊनंतर निवासी भागांत सामसूम, दहाला हॉटेलच्या खोलीत मोठ्याने हसलो तर शेजारून भिंतीवर टकटक. प्रागमध्ये तोवर कुठे संध्याकाळ रंगात आलेली असते. वस्त्यांमधल्या पबचा गलका, नदीकाठी पाय सोडून बसलेली पोरं, पुलावर कुणीतरी अॅकॉर्डियन वाजवतंय, ही जान व्हिएन्नात मला तरी सापडली नाही.

म्हणून नवं लग्न झालेल्यांनी, मित्रांच्या टोळक्याने आणि फोटोंचं वेड असलेल्यांनी प्रागच करावं. पैसे मोजून-मापून असतील तरीही प्रागच. माझ्या भाच्याला मी तेच सुचवलं आणि तो अजून धन्यवाद देतो. मात्र एक करा, राहायची जागा जुन्या चौकाजवळ घेऊ नका. विनोह्राडी भागात घ्या. झाडांचे रस्ते, शेजारच्यांच्या खानावळी, आणि ट्रामने पुलापर्यंत पंधरा-वीस मिनिटं. पहाटेचा पूल चुकवू नका, आणि दुपारी अकरा ते पाच त्या बाजूला फिरकूच नका.

बरोबर आईवडील असतील, लहान मूल असेल, किंवा तुम्हालाच एका जागी बसून शहर बघायला आवडत असेल, तर मी व्हिएन्ना म्हणेन. आमच्या घरी पुन्हा जायचा विषय निघतो तेव्हा प्रागचे फोटो काढले जातात आणि तिकिटं व्हिएन्नाची बघितली जातात. फक्त रविवारी पोहोचू नका. दुकानं, किराणा, सगळं बंद असतं, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी. शनिवारी संध्याकाळीच दूध-ब्रेड घेऊन ठेवा. आणि विमानतळावरून शहरात यायला हिरव्या रंगाची जी खास गाडी डोळ्यांत भरते तिच्यामागे न जाता एस-7 ही लोकल पकडा. दहा-एक मिनिटं जास्त लागतात, पण तिकीट बरंच स्वस्त आहे, आणि उरलेल्या पैशांत एक मेलांज होते.